झाडाखालचा न्याय: पशुपालक समाजांत सलोख्याचं काम पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

उत्तर केनिया, युगांडातला कारामोजा, दक्षिण इथिओपिया, सोमाली मुलूख आणि दक्षिण सुदान हा सगळा पट्टा गुराढोरांवर आणि उंटांवर जगतो. इथली भांडणं ठरलेली असतात: कोणाची गुरं कोणी पळवली, पाणवठ्यावर पहिला हक्क कोणाचा, मागच्या पिढीतल्या खुनाची भरपाई राहिली की दिली. तालुक्याचं कोर्ट दोन दिवसांच्या वाटेवर असतं. तिथली भाषा वेगळी, तिथली शिक्षा वेगळी. खुनी तुरुंगात गेला तरी मेलेल्याच्या घरी एक वासरूही येत नाही, आणि वैर तसंच राहतं. म्हणून माणसं झाडाखाली बसतात, थोरल्यांना बोलावतात आणि तिथेच निवाडा मागतात.

एखाद्या संस्थेत किंवा संशोधनाच्या निमित्ताने या कामात पहिल्यांदाच उतरणाऱ्या माणसाला झाडाखालची बैठक फार भावते. पंचांनी निवाडा दिला, दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांनी हात मिळवले, फोटो निघाले, की काम फत्ते झालं असं वाटतं. मलाही तसंच वाटलं होतं. पण निवाड्याच्या दिवशी शांतता येत नाही. ठरलेली जनावरं ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या प्रतीची, दुसऱ्याच्या दावणीला पोचतात तेव्हा ती थोडीशी येते. पुढची चोरी झाल्यावरही कोणी बंदूक उचलत नाही तेव्हा ती आणखी थोडी येते. पुढचं सगळं हे लक्षात ठेवून वाचा.

आधी भांडण ओळखा

अहवालात सरसकट अख्ख्या जमातींची नावं लिहिली जातात, केनियात ‘तुर्काना विरुद्ध पोकोट’ किंवा दक्षिण सुदानमध्ये ‘डिंका विरुद्ध नुएर’. एवढ्यावर काम सुरू करू नका. एवढा मोठा समाज एकत्र येऊन भांडत नाही आणि एकत्र येऊन भरपाईही देत नाही. तुम्हाला शोधायचा आहे तो सगळ्यात लहान गट, जो ‘हे आमच्या अंगावर’ असं म्हणून जनावरं बाहेर काढतो. सोमाली लोकांत हा गट अगदी स्पष्ट असतो. एकाच पूर्वजापासूनचे भाऊबंद आपसात करार करून ठेवतात की आपल्यातल्या कोणाच्या हातून खून झाला तर रक्ताची भरपाई सगळ्यांनी मिळून द्यायची, आणि आपल्यातला कोणी मारला गेला तर आलेली भरपाई ठरल्याप्रमाणे वाटून घ्यायची. या भरपाईला ते माग किंवा दिय्या म्हणतात. कोण कोणाच्या दिय्यात आहे हे कळलं नाही, तर तुम्ही ज्याला बोलावता तो माणूस कितीही वजनदार असला तरी त्याचा शब्द रिकामाच.

मग भांडणाचा प्रकार बघा. पाण्याचं आणि चराईचं भांडण हे बहुतेक वेळा वाटणीचं भांडण असतं आणि ते सुटू शकतं. चोरीचं भांडण मोजदादीवर येतं. खुनाचं भांडण वर्षानुवर्षं चालतं. चौथा प्रकार नवखा माणूस हटकून विसरतो, तो म्हणजे धंद्यासाठी घातलेली धाड. पळवलेली गुरं रातोरात ट्रकमध्ये चढतात आणि शहरातल्या बाजाराकडे निघून जातात. तिथे पैसा लावणारा व्यापारी कोणत्याच झाडाखाली बसत नाही, त्याला थोरल्यांच्या शापाची भीती नाही आणि त्याच्या दारात जाऊन भरपाई मागणारंही कोणी नाही. असं प्रकरण असेल तर पोलीस आणि बाजारावरची नजर यांना पर्याय नाही. म्हाताऱ्यांच्या गळ्यात ते घालू नका, कारण निवाडा हवेत विरला की पुढच्या खेपेला त्यांचं कोणी ऐकत नाही.

ऋतूकडेही लक्ष द्या. दुष्काळात धाडी वाढत असतील असं आपण गृहीत धरतो. उत्तर केनियातल्या मार्साबित भागातल्या नोंदी उलटंच सांगतात. पाऊस चांगला झालेल्या काळात धाडी जास्त पडल्या. गुरं धष्टपुष्ट असतात, लांब हाकलता येतात, गवत वाढलेलं असल्यामुळे लपायला जागा असते, आणि पोरांना लग्नासाठी जनावरं हवी असतात. दुष्काळात मात्र दुसऱ्याच्या विहिरीशिवाय जगता येत नाही, म्हणून माणसं जपून वागतात. हे सगळीकडे असंच असेल असं नाही. तुमच्या भागातल्या मागच्या चार-पाच वर्षांच्या धाडी आणि पाऊस एकाच कागदावर मांडा आणि मग बैठकीची तारीख ठरवा.

शब्द कोणाचा चालतो

‘म्हातारे’ म्हणजे कोण, याचं उत्तर प्रत्येक समाजात वेगळं आहे. दक्षिण इथिओपिया आणि उत्तर केनियातल्या बोराना लोकांत गदा नावाची पिढीवार व्यवस्था आहे. सत्ता 8 वर्षं एका पिढीकडे असते, मग ती पुढच्या पिढीकडे जाते. दर 8 वर्षांनी गुमी गायो नावाची मोठी सभा भरते, तिथे जुने कायदे पुन्हा म्हटले जातात, बदलले जातात, नवे केले जातात. युनेस्कोने 2016 मध्ये ही व्यवस्था मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. पण रोजच्या सलोख्याच्या दृष्टीने मला त्यांचा सगळ्यात शिकण्यासारखा माणूस वाटतो तो आबा हेरेगा, म्हणजे विहिरीवरच्या पाळीचा कारभारी. बोरानांच्या तूला विहिरी इतक्या खोल असतात की माणसं एकाखाली एक उभी राहून, गाणी म्हणत, हातोहात बादल्या वर देतात. कोणाचा कळप आज पाणी पिणार, कोणाचा उद्या, आणि आधी कोणती जनावरं, हे तो ठरवतो. त्याने एक पाळी चुकीची लावली तर संध्याकाळपर्यंत काठ्या निघतात. अशा माणसाला शोधा. त्याच्याकडे मोठं पद नसतं, पण भांडणं होण्याआधीच ती त्याला दिसलेली असतात.

कारामोजात थोरल्यांची पवित्र सभा असते, अकिरिकेत. तिथे बसण्याचा क्रमसुद्धा वयोगटानुसार ठरलेला असतो. पोकोटांच्या सभेला कोक्वो म्हणतात. नुएरांमध्ये जुन्या काळापासून बिबळ्याचं कातडं पांघरणारा, जमिनीशी नातं असलेला मानकरी असे. खून करणारा धावत त्याच्या घरी जाई. त्या घरात त्याला कोणी हात लावत नसे. मानकरी त्याच्या दंडावर चीर देऊन रक्त काढी, त्याआधी खुन्याने अन्नपाणी घ्यायचं नाही असा दंडक. मग तो दोन्ही घरांमध्ये फेऱ्या मारी. त्याच्या हाती ना शिपाई ना तुरुंग. दोन्हीकडच्यांना वैर थांबवायचं असे पण तसं स्वतःहून म्हणवत नसे, आणि मानकऱ्यामुळे त्यांना मान न गमावता मागे येता येई, हीच त्याची ताकद. तुम्ही ज्यांच्यासोबत काम कराल त्या थोरल्यांची ताकदही बरीचशी अशीच असते.

सरकारी चीफ आणि परंपरेतला थोरला यांची गल्लत करू नका. केनियात चीफ हा पगारी सरकारी माणूस आहे. तो चांगला असू शकतो, दोन्हीकडे त्याला मान असू शकतो, पण ‘चीफने बोलावलं’ म्हणून जमलेली बैठक आणि आपणहून जमलेली बैठक यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

एक कटू गोष्टही सांगतो. थोरल्यांचा धाक आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. 1979 मध्ये युगांडात इदी अमीनची सत्ता कोसळली तेव्हा कारामोजातल्या मोरोतोच्या लष्करी छावणीतला शस्त्रसाठा लुटला गेला आणि कारामोजात भाल्याच्या जागी बंदूक आली. बंदूक असलेल्या वीस वर्षांच्या पोराला आशीर्वादावाचून चालतं. म्हणून तरुणांना, म्हणजे उत्तर केनियात ज्यांना मोरान म्हणतात त्यांना, बैठकीच्या कडेला उभं करून चालत नाही. त्यांच्यातही एक म्होरक्या असतो. तो कोण, हे थोरल्यांपेक्षा त्यांच्या आया जास्त नेमकं सांगतात.

कायदा कुठपर्यंत येतो

केनियाच्या 2010 च्या राज्यघटनेतलं 159 वं कलम कोर्टांना सांगतं की समेट, मध्यस्थी आणि पारंपरिक वाद-निवारण यांना चालना द्या. त्याच कलमात पुढे अट आहे: मूलभूत हक्कांना बाधा येत असेल किंवा न्यायबुद्धीला न पटणारं फलित असेल तर ती पद्धत वापरायची नाही. 2020 मध्ये तिथल्या न्यायव्यवस्थेने पर्यायी न्यायपद्धतींसाठी स्वतंत्र धोरणही आणलं. इथिओपियाच्या 1995 च्या घटनेतलं 34 वं कलम कौटुंबिक आणि वैयक्तिक वाद परंपरेने सोडवायला परवानगी देतं, पण दोन्ही पक्षांची संमती असेल तरच.

खुनाचं काय, हा प्रश्न प्रत्येक नवखा माणूस विचारतो. 2013 मध्ये नैरोबीच्या उच्च न्यायालयाने एका प्रकरणात दोन कुटुंबांनी उंट-शेळ्यांच्या भरपाईने समेट केल्यामुळे सरकारी वकिलांना खटला मागे घेऊ दिला. त्यावर पुष्कळ चर्चा झाली आणि नंतरच्या सगळ्या न्यायाधीशांनी तो मार्ग धरला असंही नाही. त्यामुळे कोणाला ‘भरपाई दिली की केस सुटेल’ असं आश्वासन देऊ नका. तुम्हाला तो अधिकार नाही.

बलात्कार आणि मुलींचा प्रश्न आला तर मात्र मी आडपडदा ठेवत नाही. कित्येक ठिकाणी बलात्काराची भरपाई पुरुष पुरुषांमध्ये ठरवतात आणि जिच्यावर प्रसंग आला तिला विचारतही नाहीत. कुठे वैर मिटवायला एका घरची मुलगी दुसऱ्या घरात लग्न लावून देतात. अशा तडजोडीत तुमची गाडी, तुमचा मंडप, तुमचा चहा असता कामा नये. पहिल्याच भेटीत थोरल्यांना हे सांगून टाका: अशी प्रकरणं आली तर आम्ही त्या बाईला दवाखान्यात आणि वकिलाकडे पोचवू, तुमच्या बैठकीत बसवणार नाही. काही जण नाराज होतात. होऊ द्या.

बैठकीच्या आधीचे महिने

नवख्या माणसाचा सगळ्यात मोठा दोष म्हणजे घाई. प्रकल्पाचं वर्ष मार्चला संपतं म्हणून फेब्रुवारीत बैठक, असं चालत नाही. सोमालीलँडमध्ये 1993 साली बोरामा गावात कुळांच्या थोरल्यांची परिषद भरली ती चार महिने चालली. वैराच्या गाठी सुटल्या, नवी सरकारी चौकट ठरली, राष्ट्राध्यक्ष निवडला गेला, आणि हे सगळं मुख्यतः लोकांनी आपल्याच खर्चाने, आपल्याच मांडवाखाली केलं. वेळ लागला कारण एकमत होईपर्यंत बोलत राहायचं असा तिथला रिवाज. मतदान करून बहुमताने निकाल लावला असता तर हरलेला गट घरी जाऊन बंदूक साफ करत बसला असता.

दक्षिण सुदानमधल्या वुन्लित गावच्या शांतता परिषदेची तयारीही पाहण्यासारखी आहे. नाईलच्या पश्चिमेकडचे डिंका आणि नुएर 1991 नंतर एकमेकांची गावं जाळत होते. चर्च-परिषदेने 1998 मध्ये आधी थोड्या मुख्यांना केनियाच्या लोकिचोगियो गावात भेटवलं. मग एका बाजूचे मुख्य दुसऱ्या बाजूच्या मुलखात राहून आले. शत्रूच्या घरी जाऊन जिवंत परत आलेला माणूस आपल्या लोकांना जे सांगू शकतो ते कोणताही बाहेरचा मध्यस्थ सांगू शकत नाही. त्यानंतर कुठे 27 फेब्रुवारी ते 8 मार्च 1999 अशी मुख्य परिषद झाली. जमणाऱ्यांसाठी त्या जागी नवी झोपड्यांची वस्तीच उभारली होती. सुरुवातीला पांढऱ्या बैलाचा बळी दिला गेला. मग आधी एका बाजूने आपली सगळी दुखणी मांडायची, दुसरीने ऐकायचं, आणि नंतर उलट.

पण तयारीचं खरं शिक्षण मला मिळालं ते केनियातल्या वाजीरच्या गोष्टीतून. 1992-93 मध्ये तिथे दुष्काळ होता आणि सोमाली कुळांमध्ये खुनाखुनी चालली होती. बाजारात एका कुळाची बाई दुसऱ्या कुळाच्या बाईकडून दूधसुद्धा घेत नव्हती. देखा इब्राहिम अब्दी आणि तिच्या सोबतिणींनी सुरुवात केली ती बाजारापासूनच. सगळ्या कुळांच्या बायकांची मिळून एक समिती केली. काम एवढंच: बाजारात कोणालाही खरेदी-विक्रीला अडवायचं नाही, आणि कुरबूर झाली तर तिथल्या तिथे मिटवायची. बाजार शांत झाल्यावर त्या थोरल्यांकडे गेल्या. पुढाकार भांडणाऱ्या मोठ्या कुळांपैकी कोणाकडे न देता एका लहान कुळाच्या थोरल्याकडे गेला, म्हणून कोणालाच कमीपणा वाटला नाही. सप्टेंबर 1993 मध्ये कुळांच्या थोरल्यांचा सलोख्याचा करार, अल फताहचा जाहीरनामा, झाला, आणि 1995 मध्ये हे सगळे गट एका समितीत येऊन सरकारी जिल्हा यंत्रणेशी जोडले गेले. देखाला 2007 मध्ये राइट लाइवलीहूड पुरस्कार मिळाला. 2011 मध्ये ती अपघातात गेली.

या गोष्टीत बायका बैठकीत नंतर आल्या, काम मात्र त्यांनी आधी केलं, हे नीट पाहा. ‘सभेत 30 टक्के महिला’ असा नियम लावून काही साधत नाही. त्या मागे बसतात आणि गप्प राहतात. तुम्ही आधी त्यांच्याकडे जा. दूध विकायच्या जागी, पाण्याच्या रांगेत, विहिरीपाशी. धाडीला निघणाऱ्या पोराच्या हातात ताईत कोण बांधतं, परत आलेल्याचं कौतुक गाण्यातून कोण करतं, आणि रडतं कोण, हे त्या सांगतात. बाईला फक्त शांततेची मूर्ती समजून जाऊ नका. टोमणे मारून पोरांना धाडीवर पाठवणाऱ्याही त्यांच्यातच असतात.

प्रत्यक्ष बैठक

यावर मी थोडक्यात लिहितो, कारण इथे तुमचं काम फार थोडं असतं आणि ते थोडंच असावं.

जागा दोन्हीकडच्यांनी ठरवलेली असावी. शक्यतो दोघांच्या सीमेवरचा पाणवठा. तुम्ही कडेला बसा, अध्यक्षाच्या शेजारी खुर्ची घेऊ नका. बोलणारा काठी हातात घेऊन उभा राहतो, पन्नास वर्षांपूर्वीच्या धाडीपासून सुरू करतो, म्हणी सांगतो, आणि तुमचा दुभाषा तुम्हाला म्हणतो की ‘अजून मुद्द्यावर आलेले नाहीत’. त्याला सांगा, सगळं सांग. तो मुद्दाच असतो. कोणता जुना खून पहिल्यांदा उच्चारला आणि कोणता मुद्दाम गाळला, यावरून काय देवघेव होणार ते कळतं. सोमाली हेर, म्हणजे त्यांचा परंपरागत कायदा, कोणाकोणाला भाला लागता कामा नये याची यादी देतो: बायका, मुलं, म्हातारे, पाहुणे, धर्माची माणसं, समेटासाठी निघालेले. ही मंडळी बिरी-मा-गेय्दो. बैठकीत कोणी ‘त्यांनी वाटेवरच्या पाहुण्याला मारलं’ असं म्हणाला की झाडाखाली एकदम शांतता का पसरते, ते हे माहीत असेल तरच समजतं.

भत्त्याबद्दल स्पष्ट बोलतो. बसण्याचे पैसे देऊ नका. जेवण द्या, पाणी द्या, लांबून आलेल्यांना प्रवासखर्च द्या, पण रोजचा भत्ता सुरू केलात की दोन वर्षांत असे ‘थोरले’ तयार होतात ज्यांची भांडणं कधी मिटतच नाहीत.

भरपाई: इथे बोट ठेवा

सोमाली रिवाजात पुरुषाच्या खुनाला 100 उंट आणि बाईच्या खुनाला 50 असा आकडा जुना आहे. उत्तर केनियातल्या समाजांमध्ये झालेल्या 2001 च्या मोदोगाशे शांतता करारानेही हाच हिशेब धरला, आणि 2005 मध्ये गारिसात त्याची उजळणी झाली. बाईचा जीव निम्म्या मोलाचा, हे वाचताना राग येतो, आणि तो यायलाच हवा. त्यावर थोरल्यांशी बोलत राहा. मात्र पहिल्याच बैठकीत आकडा बदलण्याचा हट्ट धरलात तर त्या बाईच्या लेकरांना ते 50 उंटही मिळत नाहीत. हे माझं मत आहे; माझ्याबरोबर काम केलेल्या काही बायकांना ते पटलेलं नाही.

भरपाई सगळ्या भाऊबंदांवर पडते. पद्धतीचा सगळा जोर इथे आहे आणि दुखणंही इथेच. ज्यांना उगाच उंट द्यावे लागले ते चुलते पुढच्या वेळी पोराच्या हातातली बंदूक काढून घेतात. उलट, भाऊबंद पुष्कळ असतील तर एकेकाच्या वाट्याला अर्धा उंटही येत नाही, आणि ज्याने गोळी झाडली त्याला काहीच झळ लागत नाही. म्हणून खुन्याच्या स्वतःच्या कळपातून निदान काही जनावरं जावीत असा आग्रह धरा. थोरले बहुधा हे मान्य करतात, कारण त्यांच्या मनातही तेच असतं.

आता माझी चूक. उत्तर केनियातल्या एका पाणवठ्यावर दोन गटांचा समेट झाला. खुनाची भरपाई कमी करून 40 उंटांवर आली, चार हप्त्यांत द्यायचे ठरलं. करारपत्र मी लिहून दिलं, दोन भाषांत, अंगठ्यांसकट. पहिला हप्ता आला, काही झालं नाही. दुसऱ्या हप्त्याच्या दिवशी सकाळी दहा उंट ओळीने उभे होते. घेणाऱ्यांकडचा एक म्हातारा काही न बोलता पुढे गेला. त्याने पहिल्या उंटिणीची मान खाली घेतली, ओठ वर केला आणि अंगठा दातांवरून फिरवला. मग दुसरीचा. मग तिसरीची कास चाचपली. तीन जनावरांपाशी त्याने काठी जमिनीवर टेकवली आणि परत येऊन बसला. तिन्ही म्हाताऱ्या आणि भाकड होत्या. देणारे म्हणाले, कागदावर दहा उंट आहेत, हे दहा उंट. कागदावर खरंच तेवढंच होतं. मी ‘उंट’ एवढाच शब्द लिहिला होता. मागे उभी असलेली पोरं हसली, आणि ज्याचा भाऊ मेला होता तो उठून निघून गेला. ते तीन उंट बदलून यायला पाच महिने गेले आणि त्या पाच महिन्यांत दोन मेंढपाळांवर हल्ले झाले.

तेव्हापासून मी करारात प्रत्येक जनावर वेगळं लिहितो: नर की मादी, किती वर्षांचं, गाभण की दुभती, सोबत वासरू आहे का. कोणाच्या कळपातून येणार त्याचं नाव. डाग कोणता, कानाला चीर कुठली. दोन्हीकडची दोन माणसं आधी जाऊन जनावर पाहतील आणि मगच ते हाकललं जाईल. जनावर वाटेत मेलं तर कोणाच्या अंगावर. दुष्काळ पडला तर हप्ता किती पुढे ढकलायचा आणि तसं कोणी कोणाला कळवायचं. रोख पैशात द्यायचं असेल तर भाव कोणत्या बाजाराचा, कोणत्या दिवशीचा. थोरल्यांना हे सगळं तोंडपाठ असतं, पण ते गृहीत धरतात. तुमचा उपयोग गृहीत धरलेलं बोलायला लावण्यात आहे.

आणि एक. भरपाई येते मेलेल्याच्या घराण्याकडे, त्याच्या बायकोकडे नाही. तिच्या आणि मुलांच्या वाट्याला किती दुभती जनावरं राहणार, हे भरपाई मोजण्याआधी सगळ्यांसमोर म्हणवून घ्या. नंतर विचारलंत तर तो ‘घरचा मामला’ होतो.

विधी

शपथ, बळी, भाले मोडणं, शस्त्रं पुरणं, दूध शिंपडणं यांत ढवळाढवळ करू नका, आणि त्यांची हौसही करू नका. 1973 च्या डिसेंबरमध्ये केनियातले तुर्काना आणि कारामोजातले माथेनिको यांनी तुर्कानांच्या मुलखातल्या लोकिरियामा इथे शस्त्रं जमिनीत पुरून समेट केला, आणि त्या जागी आजही माणसं दरवर्षी जमतात. ती आठवण टिकली कारण तो विधी त्यांचा होता. फोटो काढायचा असेल तर आधी विचारा. ‘पुन्हा एकदा कराल का’ असं कधीही म्हणू नका.

पुढची चोरी

समेटानंतर चोरी होणारच. प्रश्न एवढाच की पहिल्या रात्री काय होतं.

कारामोजातल्या 2013 च्या नबिलातुक ठरावाने यासाठी सोपा नियम केला. चोरलेल्या प्रत्येक जनावरामागे दोन परत करायची आणि वर आणखी एक द्यायचं. खुरांचा माग काढत जायचं. माग ज्या वस्तीपाशी संपतो तिने एकतर तो पुढे नेऊन दाखवायचा, नाहीतर भरपाई द्यायची. सोपा नियम असल्याने गुराख्यालाही तो समजतो. पण अशा नियमाचे धोके पाहून ठेवा. माग मुद्दाम दुसऱ्याच्या वस्तीकडे वळवता येतो. दुपटीने वसुलीचा अधिकार सैनिकांच्या हाती गेला तर ते समोर दिसेल त्याची गुरं उचलतात, आणि निरपराध माणूस उद्याचा धाडकरी होतो. कारामोजात 2019 च्या सुमाराला धाडींनी पुन्हा डोकं वर काढलं, त्यामुळे ठराव झाला म्हणून निर्धास्त राहू नका.

करताना एवढं करा. प्रत्येक बाजूच्या तीन माणसांचे फोननंबर एकमेकांकडे असावेत, त्यांत एक मोरान आणि एक बाई असावी. जिथे नेटवर्क नाही तिथे निरोप घेऊन जाणारा ठरलेला असावा आणि त्याला दोन्हीकडे कोणी अडवायचं नाही हे जाहीर झालेलं असावं. चोरी कळल्यापासून माग काढणारी टोळी दोन्हीकडच्या माणसांची मिळून निघावी. एकट्या गटाची टोळी दुसऱ्याच्या हद्दीत शिरली तर ती धाडच वाटते. सीमेपलीकडचं प्रकरण असेल तर इगाद या प्रादेशिक संघटनेची 2002 पासूनची पूर्वसूचना यंत्रणा, सेवार्न, तिच्या स्थानिक निरीक्षकाला कळवा. परत आलेली जनावरं मोजताना कोण हजर होतं ते वहीत लिहा. वही एकाच्या घरी राहू नये, दोन प्रती असाव्यात.

पहिल्या वर्षी दर पंधरा दिवसांनी पाणवठ्यावर जा, काही काम नसताना. कोण कोणाच्या शेजारी जनावरं पाजतो ते पाहा. दोन्हीकडची गुराखी पोरं एकाच झाडाच्या सावलीत बसलेली दिसली तर वहीत तारीख टाका. ती दिसेनाशी झाली तर त्याच दिवशी थोरल्यांना फोन करा. पावसाची पहिली सर पडण्याच्या आधी तुम्ही तिथे पोचलेले असायला हवं. मागच्या हप्त्यात काय राहिलंय ते दोन्हीकडच्या दोघादोघांना सोबत घेऊन कळपात जाऊन पाहा, आणि जे जनावर द्यायचं ठरलंय त्याचे दात त्यांना स्वतः तपासू द्या.